वाचक विचारतात: होबार्टच्या एका मतदारसंघातून सात आमदार कसे?

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या निवडणुकांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात टास्मानिया या तिथल्या राज्याचा उल्लेख आला आणि निम्मे प्रश्न तिथूनच आले. म्हणून या वेळचं सगळं सदर टास्मानियाला, त्यातही होबार्ट शहराच्या क्लार्क या मतदारसंघाला.

प्रश्न: 2025 च्या टास्मानिया निकालात "क्लार्क: लिबरल 2, लेबर 2, ग्रीन्स 2, अपक्ष 1" असं वाचलं. एका मतदारसंघातून सात आमदार? म्हणजे आपल्या महापालिकेच्या चार जणांच्या प्रभागासारखंच का? – एक वाचक, सांगली

नाही हो, दिसायला तसं वाटतं पण गणित पूर्ण वेगळं आहे. आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात, प्रत्येक जागेची लढत वेगळी, आणि मतदार चार वेळा बटण दाबतो, त्यामुळे हवा एका पक्षाची असली की चारही जागा त्याच्याच खिशात जाऊ शकतात आणि तीस-पस्तीस टक्के मतं घेतलेला दुसरा पक्ष कोरडाच राहतो. क्लार्कमध्ये सातही जागा एकाच लढतीत भरतात आणि मतदाराचं मत एकच, फक्त त्या मतावर तो 1, 2, 3 असे पसंतीचे नंबर घालतो.

निवडून यायला कोटा गाठावा लागतो. एकूण वैध मतांना जागांपेक्षा एक जास्त अशा आकड्याने भागायचं आणि वर एक मिळवायचं. समजा 64,000 वैध मतं पडली आणि जागा 7, तर 8 ने भागून 8,000 अधिक 1, म्हणजे 8,001. टक्क्यात बोलायचं तर साडेबारा. कुणाला कोट्यापेक्षा जास्त मतं पडली तर जादाची मतं पुढच्या पसंतीकडे सरकतात, आणि कुणालाच कोटा गाठता येत नसेल तर तळातला उमेदवार बाद होऊन त्याची मतं पुढच्या नंबरवाल्याकडे जातात, असं करत करत सात जण भरतात.

हे वाचून कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत असेल तर बरोबर आहे, आपली राज्यसभेची निवडणूक याच जातीची. 10 जून 2022 आठवा. सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची 33 मतं आणि भाजपच्या धनंजय महाडिकांना 27, तरी निवडून आले महाडिक, कारण पियुष गोयल आणि अनिल बोंडे यांना 48-48 मतं होती, कोटा होता 41 च्या आसपास, वरची मतं दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे आली. त्या रात्री टीव्हीवर सगळे कोटा-कोटा करत होते. फरक इतकाच की तिथे मतदार आमदार असतात आणि मत पक्षाच्या एजंटला दाखवून टाकायचं असतं, होबार्टमध्ये रस्त्यावरचा माणूस गुपचूप मत देतो आणि कुठल्याही पक्षातल्या कुणालाही कोणताही नंबर देऊ शकतो.

प्रश्न: जुन्या निकालात "डेनिसन" असं नाव दिसतं. तो वेगळा मतदारसंघ का? – एक वाचक, डोंबिवली

तोच. डेर्वेंट नदीच्या पश्चिम काठावरचं होबार्ट आणि वरच्या अंगाचं ग्लेनॉर्की. 2018 मध्ये नाव बदलून क्लार्क झालं. डेनिसन हा एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश गव्हर्नर, आणि अँड्र्यू इंग्लिस क्लार्क म्हणजे ज्याने ही मतदानाची पद्धत टास्मानियात आणली तो अॅटर्नी जनरल. पद्धतीचं नावच हेअर-क्लार्क, हेअर म्हणजे इंग्लंडचा थॉमस हेअर, ज्याची मूळ कल्पना. 1897 ला होबार्ट आणि लॉन्सेस्टन या दोन शहरांपुरता प्रयोग झाला आणि 1909 पासून सगळ्या राज्यात. क्लार्क 1907 मध्येच गेला, त्याला राज्यभरची निवडणूक बघायला मिळाली नाही.

प्रश्न: मी गेल्या तीसेक वर्षांचे या मतदारसंघाचे निकाल एकाखाली एक लिहून काढले. लोकांचं मत सारखं बदलतंय असं वाटतं. ग्रीन्स कधी 1 कधी 2, लेबर 3 वरून 1 वर, मग परत 2. इतके चंचल आहेत का होबार्टवाले? – एक निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला. माझं उत्तर असं की होबार्टवाले तुम्हाला वाटतात तितके चंचल नाहीयेत. त्या यादीत पक्षाच्या आकड्याआधी एक कॉलम घाला: जागा किती होत्या. मग बरंच कोडं सुटतं.

1909 पासून दर मतदारसंघात 6 जागा होत्या, राज्यात पाच मतदारसंघ म्हणून विधानसभा 30 ची. सम आकड्याची गंमत अशी की दोन पक्ष तुल्यबळ असले की 3-3, आणि 1955 मध्ये तर अख्खी विधानसभा 15-15 अशी अडकली. म्हणून 1959 पासून 7 जागा, विधानसभा 35. मग 1998 मध्ये लिबरल आणि लेबर दोघांनी मिळून 5 वर आणली, विधानसभा 25. कारण सांगितलं गेलं खर्च आणि सुटसुटीतपणा. पण 5 जागा म्हणजे कोटा साडेबारावरून थेट 16.7 टक्के, आणि याचा फटका कुणाला बसणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. 1996 मध्ये ग्रीन्स या छोट्या, पर्यावरणवादी पक्षाला राज्यात साधारण 11 टक्के मतं आणि 4 जागा होत्या. 1998 मध्ये मतं साधारण 10 टक्के आणि जागा एक. एक टक्का मतं गेली आणि चारातले तीन आमदार गेले. जी एक वाचली ती इथलीच, डेनिसनमधली, पेग पट.

आता तुमची यादी परत वाचू. 1996 ला 7 जागा होत्या तेव्हा इथे लिबरल 3, लेबर 3, ग्रीन 1. 1998 ला 5 झाल्यावर 2-2-1. 2002 आणि 2006 ला लेबर 3, लिबरल 1, ग्रीन 1, हा खरा बदल आहे, तेव्हा जिम बेकन आणि नंतर पॉल लेनन यांचं लेबर सरकार जोरात होतं. 2010 ला परत 2-2-1, आणि त्या वर्षी तर पाचही मतदारसंघांत 2-2-1 लागलं, विधानसभा 10-10-5. 2014 ला लिबरलांची लाट, राज्यात 15 जागा, पण इथे? 2-2-1. 2018 ला? 2-2-1. लाट येऊन गेली तरी होबार्टमध्ये पाणी हललं नाही. 2021 मध्ये लेबरची एक जागा ग्लेनॉर्कीची महापौर राहिलेल्या क्रिस्टी जॉन्स्टन या अपक्ष बाईंकडे गेली. मग 2024 ला जागा परत 7 केल्या, कोटा साडेबारावर उतरला आणि ग्रीन्सची दुसरी आमदार आत आली, लेबरला दुसरी जागा परत मिळाली: 2-2-2-1. पुढच्याच वर्षी, जून 2025 मध्ये मुख्यमंत्री जेरेमी रॉकलिफ यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव पास झाला आणि सोळा महिन्यांत दुसरी निवडणूक लागली, होबार्टच्या बंदरावरच्या नव्या स्टेडियमवरून इतका गदारोळ, आणि क्लार्कचा निकाल परत जसाच्या तसा 2-2-2-1.

म्हणजे लिबरल दोन हे जवळपास ठरलेलं, लेबर दोनच्या आसपास, ग्रीन्स एक नक्की आणि कोटा खाली आला की दोन. भांडण असतं ते शेवटच्या जागेचं. 5 जागा असताना शेवटची जागा कुणाची, 7 असताना कुणाची, इतकाच काय तो खेळ. माझं स्पष्ट मत विचाराल तर 1998 चा निर्णय हा दोन मोठ्या पक्षांनी तिसऱ्याला बाहेर ठेवायला केलेला होता, आणि त्यात ते पंचवीसेक वर्षं बऱ्यापैकी यशस्वी झाले. अर्थात 25 जणांत मंत्री किती, बॅकबेंचर किती, कमिट्यांवर बसवायला माणसं कुठून आणायची ही अडचण त्यांनाही आली, म्हणून तर परत 35 केले.

प्रश्न: पक्षाच्या जागा तशाच राहतात मग निवडणुकीत मजा काय? – एक वाचक, पुणे (तुमचा पेठी टोमणा पोचला)

मजा पक्षाच्या आत आहे. एकाच पक्षाचे पाच-सात उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, आणि पक्षाला जागा दोन. मग कोण कुणाचा? पोस्टरवर सगळे हसत एकत्र उभे, पण खरी भीती शेजाऱ्याचीच.

2002 घ्या. बॉब चीक हे लिबरल पक्षाचे विरोधी पक्षनेते, राज्यभर पक्षाचं नेतृत्व करतायत, आणि डेनिसनमध्ये स्वतःच पडले, पक्षाच्या वाट्याला आलेली एकुलती एक जागा त्यांच्याच पक्षाचे मायकेल हॉजमन घेऊन गेले. लिबरल 1 असा आकडा यादीत शांतपणे बसलेला असतो, आत काय झालं ते दिसत नाही.

यात मतपत्रिकेवरच्या क्रमाचाही भाग आहे. वरून खाली नुसते नंबर घालत जाणारे मतदार सगळीकडे असतात, मग ज्याचं नाव वर त्याची चांदी. यावर टास्मानियाने काढलेला उपाय म्हणजे रॉब्सन रोटेशन, नील रॉब्सन या लिबरल आमदाराच्या नावावरून. मतपत्रिका वेगवेगळ्या क्रमाने छापतात, काहींवर एक नाव वर, काहींवर दुसरं, त्यामुळे फुकटचा फायदा सगळ्यांना सारखा वाटला जातो. पक्षालाही "आमचा नंबर एक हा, नंबर दोन हा" असं ठरवून मतदारांना रांगेत चालवता येत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर पत्रकं वाटायलाही बंदी आहे.

आणि हे रोटेशन पहिल्यांदा वापरलं गेलं ते याच मतदारसंघात, 1980 मध्ये. 1979 ला निवडून आलेल्या लेबरच्या तिघांनी खर्चाची मर्यादा ओलांडल्याचं प्रकरण कोर्टात गेलं आणि डेनिसनच्या सातही जागांसाठी परत मतदान घ्यावं लागलं. खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून सातही जागांची निवडणूक परत! आपल्याकडे हा नियम इतक्या कडक लावला तर विधानसभा भरायची कशी हा प्रश्न पडेल, असो. त्या फेरनिवडणुकीत डेमोक्रॅट्स या छोट्या पक्षाचे नॉर्म सँडर्स निवडून आले.

प्रश्न: कुणी राजीनामा दिला किंवा वारलं तर पोटनिवडणूक सातही जागांची घेतात का? – एक वाचक, कोल्हापूर

नाही, पोटनिवडणूक सहसा घेतच नाहीत. ज्याची जागा रिकामी झाली त्याला निवडून देणाऱ्या मतपत्रिका बाहेर काढून परत मोजतात, त्यावर पुढची पसंती कुणाला ते बघतात, आणि मागच्या वेळी पडलेल्यांपैकी एक जण आमदार होतो. याला काउंटबॅक म्हणतात.

याची सगळ्यात नाट्यमय केस वरच्या सँडर्सचीच. त्यांनी राजीनामा दिला, काउंटबॅकमध्ये नाव आलं बॉब ब्राऊन यांचं, आणि ब्राऊन तेव्हा फ्रँकलिन नदीवरच्या धरणाच्या विरोधात आंदोलन केल्याबद्दल रिस्डनच्या तुरुंगात होते. 19 दिवस काढून जानेवारी 1983 मध्ये सुटले आणि सुटले त्याच दिवशी आमदार झाले. ग्रीन्सची इथली जागा म्हणतात ती तिथून सुरू. ब्राऊन 1993 ला दिल्लीला, चुकलो, कॅनबेराला जायच्या तयारीत बाहेर पडले तेव्हा काउंटबॅकने पेग पट आल्या, त्यांनी 2008 ला राजीनामा दिला तेव्हा काउंटबॅकनेच कॅसी ओकॉनर, आणि त्यांनी 2023 ला राजीनामा दिला तेव्हा विका बेली. चाळीस वर्षांत चार माणसं, आणि चौघंही पहिल्यांदा आत आली ती काउंटबॅकच्या दारातून.

कधी कधी काउंटबॅकने पक्षाचा आकडाही बिघडतो. 2019 मध्ये लेबरचे स्कॉट बेकन (जिम बेकन यांचा मुलगा, घराणेशाही तिथेही आहे) राजीनामा देऊन गेले, मतपत्रिकांनी निवडलं मॅडलिन ओगिल्वी यांना, ज्या 2018 ला लेबरच्या तिकिटावर पडल्या होत्या. पण दरम्यान त्यांचं लेबरशी बिनसलेलं, त्या अपक्ष म्हणून बसल्या आणि 2021 ला लिबरलकडून निवडून आल्या. पक्षांतराचा मक्ता काय आपल्याकडेच दिलेला नाही.

प्रश्न: अँड्र्यू विल्की हे क्लार्कचे खासदार आहेत असं वाचलं, ते तर अपक्ष. मग लिबरल-लेबर कुठे गेले? – एक वाचक, ठाणे

केंद्राच्या निवडणुकीतही क्लार्क हाच मतदारसंघ, तेच मतदार, फक्त जागा एक. मार्च 2010 मध्ये विल्की राज्याच्या निवडणुकीत उभे राहिले आणि पाचवी जागा त्यांच्या हातून अगदी थोडक्यात निसटली. पाचच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, केंद्राला उभे राहिले, पहिल्या पसंतीत तिसरे होते, पण बाकीच्यांच्या पुढच्या पसंती मिळत मिळत वर आले आणि खासदार झाले, तेव्हापासून तेच आहेत. पाचात बसले नाहीत, एकात बसले! नाशिकच्या सरांनी हा कॉलमही यादीत घालावा.

प्रश्न: माझी मुलगी होबार्टला आहे, पीआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालंय. तिला पुढच्या वेळी मत देता येईल का, आणि सगळ्यांना नंबर द्यावेच लागतात का? – एक आई, रत्नागिरी

पीआरवर नाही, नागरिकत्व लागतं. ते मिळालं की मतदार यादीत नाव घालणं आणि मत देणं दोन्ही सक्तीचं, टास्मानियात 1928 पासून, न दिल्यास दंड. सगळ्यांना नंबर द्यायची गरज नाही, पण 1 ते 7 हे किमान हवेत आणि मधला आकडा गाळायचा नाही. त्यापुढे जितके जास्त नंबर देईल तितकं मत जास्त वेळ मोजणीत टिकतं, म्हणून तिला सांगा, कंटाळा न करता खालपर्यंत भर.