बिग बर्डच्या आत कोण असतं?

प्रश्न: ताई, पुण्याचा नातू सुट्टीत आलाय आणि दिवसभर मोबाईलवर सेसमी स्ट्रीट हा लहान मुलांचा अमेरिकन शो बघत बसतो. त्या पिवळ्या मोठ्या पक्ष्याच्या आत माणूस आहे का, त्याला दिसतं कसं, हे विचारून विचारून भंडावून सोडलंय.
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर: आजी, माणूसच असतो हो! बिग बर्डची उंची 8 फूट 2 इंच, आणि 1969 ला शो सुरू झाला तेव्हापासून कित्येक वर्षं कॅरोल स्पिनी हे बाहुलीकारच तो करायचे. उजवा हात सरळ डोक्याच्या वर, त्या हातावर पक्ष्याचं डोकं, बोटांनी चोच उघडायची आणि करंगळीने पापण्या हलवायच्या, आता असा हात वर धरून बघा जरा, पाच मिनिटांत खांदा भरून येईल. डावा हात डाव्या पंखात. मग उजव्या पंखात कोण? कोणीच नाही! तो बारीक दोरीने डाव्याला जोडलेला, डावा खाली गेला की हा वर. आणि दिसण्याचं म्हणाल तर छातीवर छोटासा टीव्ही बांधलेला, कॅमेऱ्यात काय येतंय ते त्यात बघून चालायचं, वर डायलॉग पण म्हणायचे. मला तर हीच खरी कमाल वाटते, बाकी पिसंबिसं ठीक आहे.

सेसमी स्ट्रीटचीच आपल्याकडची हिंदी आवृत्ती गल्ली गल्ली सिम सिम पण दाखवा, 2006 ला आलेली. शाळेच्या युनिफॉर्ममधली चमकी आहे, बूम्बा सिंह आहे, आणि पुण्याच्या पोराचं हिंदी सुधारेल ते वेगळंच.