सर्व्हर चालू आहे म्हणतात, मग आत का जाता येत नाही?

प्रश्न: नमस्कार ताई, इचलकरंजीत सूतवाल्या व्यापाऱ्यांचे अकाउंट्स बघायचं आमचं छोटं ऑफिस आहे. टॅली आम्ही भाड्याच्या विंडोज व्हर्च्युअल सर्व्हरवर टाकलीय, सगळे रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपल्या मशीनवरून त्या सर्व्हरची स्क्रीन उघडून, आत जातो. ऑफिसातून एकदम व्यवस्थित चालतं पण घरून चार दिवस झाले "रिमोट डेस्कटॉप कान्ट कनेक्ट" असा बॉक्स येतो, खाली तीन कारणं लिहिलेली असतात, रिमोट ॲक्सेस चालू नाही, मशीन बंद आहे, नाहीतर नेटवर्कवर नाही. सर्व्हरवाल्याला फोन केला तर म्हणतो आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमचं नेट बघा. नेट चालतंय हो, मुलगी त्याच वायफायवर व्हिडिओ बघत बसलेली असते. २० तारखेच्या आत जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचंय आणि दिवसा क्लायंट असतात, त्यामुळे खरं काम रात्री घरूनच होतं. काय करू?

उत्तर: हा बॉक्स पासवर्ड विचारायच्या आधीच येतो ना? बहुतेक हो, कारण या मेसेजचा अर्थच तो आहे की तुमची हाक सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही, म्हणजे पासवर्ड, युजरनेम, टॅली यातल्या कशालाही हात लावू नका. लोक घाबरून पासवर्ड बदलत सुटतात आणि मग दोन भानगडी होतात.

घरच्या लॅपटॉपवर पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडा. 'टेस्ट-नेटकनेक्शन' (Test-NetConnection) अशी कमांड आहे, तिच्यापुढे सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवरचा त्याचा पत्ता-नंबर, मग स्पेस, डॅश लावून 'पोर्ट' (-Port), पुन्हा स्पेस आणि ३३८९. हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट, म्हणजे आत शिरायच्या दाराचा नंबर, तुमच्या सर्व्हरवाल्याने दुसरा दिला असेल तर तो टाका. सगळ्यात खालच्या ओळीत 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' असं येईल आणि त्यापुढे ट्रू किंवा फॉल्स. पिंग, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारून बघायची कमांड, वापरू नका, बरेच सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत आणि तुम्हाला उगाच वाटतं मशीन बंद आहे. हीच कमांड उद्या ऑफिसातून चालवा. ऑफिसातून ट्रू आणि घरून फॉल्स आलं तर मशीन ठणठणीत आहे, फक्त तुमच्या घराला गेटवर अडवलंय.

व्हर्च्युअल सर्व्हरला दोन फायरवॉल, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते ठरवणारे पहारे, असतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो आणि फ्लॅटला स्वतःचं दार असतं ना, तसंच. आतलं दार म्हणजे विंडोजचा फायरवॉल. गेट सर्व्हरवाल्याच्या पॅनलमध्ये, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या त्याच्या वेबपानावर, असतं, कुठे त्याला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात, आणि तिथल्या यादीत कुठल्या आयपीला सोडायचं ते लिहिलेलं असतं. तुमच्या ऑफिसचा आयपी फिक्स असणार, तो यादीत आहे. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी मात्र बदलतो, राउटर बंद चालू झाला की बऱ्याचदा नवीन मिळतो. चार दिवसांपूर्वी लाइट गेली होती का आठवून बघा.

तर घरच्या नेटवरून गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' टाका, जो नंबर येईल तो सर्व्हरवाल्याला व्हॉट्सॲप करा आणि स्पष्ट सांगा की यादीत हा आयपी टाका. "चालत नाही" एवढंच सांगितलं की तो मशीन बघतो, मशीन चालू दिसतं, आणि तो खरंच ओके म्हणतो, त्याचंही चुकत नाही.

पण एक कळकळीने सांगते, तो वैतागून म्हणेल की सगळ्यांनाच ओपन करून टाकतो, रोजची कटकट नको. तेवढं करू देऊ नका. ३३८९ जगाला उघडा टाकला की पासवर्ड ठोकून बघणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, लगेच येतात. मी असा एक सर्व्हर बघितलाय, इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४६२५ नंबरच्या नोंदी, म्हणजे फसलेले लॉगिन, स्क्रोल करून संपेनात, ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, एकामागून एक नावं. आणि पासवर्ड मजबूत असला तरी निभावतंच असं नाही, २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं ते लॉगिन न करताच आत शिरू देणारं होतं, मायक्रोसॉफ्टने तेव्हा सपोर्ट संपलेल्या एक्सपीलासुद्धा पॅच दिला. पोर्टचा नंबर बदलून बॉटची वर्दळ कमी होते, दार बंद होत नाही. तुमच्याकडे लोकांच्या हिशेबाच्या वह्या आहेत, म्हणून महिनाअखेरपर्यंत व्हीपीएन, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा खाजगी बोगदा, बसवून घ्या, मग घरचा आयपी कितीही बदलला तरी फरक पडणार नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटचा आयपी यादीत टाकू नका, मोबाइल नेटवर एकाच आयपीमागे असंख्य गिऱ्हाइकं असतात, तुमच्याबरोबर तेही गेटमधून आत येतात.

आणि आतल्या विंडोज फायरवॉलला रिमोटमध्ये बसून हात लावायचा असेल तर आधी पॅनलमधला कन्सोल, म्हणजे रिमोट डेस्कटॉपशिवाय सर्व्हरची स्क्रीन दाखवणारी खिडकी, उघडतो का ते बघून ठेवा. माझ्या हातून एकदा रात्री ११ वाजता एक नियम बंद झाला आणि स्क्रीन तिथेच गोठली, कन्सोल होता म्हणून पाच मिनिटांत आत जाता आलं, नाहीतर सकाळपर्यंत एक अख्खं ऑफिस अडकलं असतं.

प्रश्न: मी नाशिकला शिकतोय, प्रॅक्टिससाठी ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडवर भाड्याने विंडोज सर्व्हर घेतलाय. बिल नको म्हणून रात्री स्टॉप करतो, सकाळी स्टार्ट केला की कनेक्टच होत नाही. रोज नवीन बनवू का?

उत्तर: नवीन कशाला बनवतोस! स्टॉप करून स्टार्ट केलं की पब्लिक आयपी बदलतो, तुझ्या सेव्ह केलेल्या फाइलमध्ये कालचा आयपी आहे. रिस्टार्टमध्ये बदलत नाही. इलॅस्टिक आयपी, म्हणजे एडब्ल्यूएसचा न बदलणारा आयपी, घेतलास तर कायम तोच राहील, पण फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीला तासाला ०.००५ डॉलर लागतात आणि इलॅस्टिकचे पैसे मशीन बंद असतानाही चालू राहतात, तेव्हा शिकण्यापुरतं रोज नवीन आयपी कॉपी करणं बरं. जुना पासवर्ड तोच चालेल.

प्रश्न: ताई, आमच्या गोडाउनच्या सर्व्हरवर पाच जण काम करतात. चार महिने छान चाललं, आता पासवर्ड घेतो आणि मग "नो रिमोट डेस्कटॉप लायसन्स सर्व्हर्स" असं काहीतरी म्हणून बाहेर फेकतो. व्हायरस असेल का?

उत्तर: व्हायरस नाही. चार महिने म्हणालात तिथेच उत्तर आहे, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसची मुदत १२० दिवसांची असते, त्यात लायसन्स घालायचं असतं, ते कुणी घातलं नाही. विंडोज सर्व्हरवर ॲडमिनच्या कामासाठी दोन जण तसेच बसू शकतात, त्याहून जास्त माणसं रोज काम करणार असतील तर प्रत्येक युजरचं किंवा प्रत्येक मशीनचं कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचं लायसन्स, घ्यावं लागतं. मुदत पुन्हा शून्यावर आणायची रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधली, युक्ती कुणीतरी सांगेल, धंद्याच्या सर्व्हरवर ते करू नका.

आज माल अडकलाय तर तुमच्या मशीनवर विंडोज आणि आर दाबून उघडणाऱ्या रनमध्ये 'एमएसटीएससी', मग स्पेस आणि तिरकी रेघ देऊन 'ॲडमिन' (mstsc /admin) टाका, ॲडमिनच्या अकाउंटने आत जाता येईल. आत गेल्यावर टास्क मॅनेजरच्या युजर्स टॅबमध्ये बघा, तिथे बऱ्याच नावांपुढे 'डिसकनेक्टेड' दिसेल. आपली माणसं काम झालं की वरच्या फुलीवर क्लिक करून निघून जातात, त्याने साइनआउट होत नाही, त्यांचं टॅली, एक्सेल सगळं आत तसंच उघडं राहून मेमरी खात बसतं. त्यांना विचारून, फाइल सेव्ह झालीय याची खात्री करून, एकेकाला साइनऑफ करा आणि मग लायसन्ससाठी फोन लावा.