कार्ड घ्यायच्या आधी अडतंय कुठं ते बघ

भावा, गेम अडखळतोय म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊन थेट ग्राफिक्स कार्ड उचलायची घाई करू नकोस. आफ्टरबर्नर (कार्डावर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) टाक, गेममधली व्ही-सिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद कर, नेहमीचा गेम अर्धा तास खेळ आणि जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या चिपचा, वापर बघ. सतत ९५ टक्क्यांच्या पुढं असेल तर कार्डच कमी पडतंय. साठ-सत्तरवर घुटमळत असेल तर रिझोल्यूशन उतरवून बघ. तरीही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) हलला नाही, तर प्रोसेसर अडवतोय. मग महागडं कार्ड घालूनही हाताला काही लागणार नाही.

तुझ्याकडं रायझेन ५ २६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड आहे, ही खरंच चांगली गोष्ट. त्याच सॉकेटवर २०२२ चा रायझेन ५ ५६०० बसतो, डीडीआर४ रॅमही तीच चालते. मात्र जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कर, आणि तेही यूपीएसवरच. मध्येच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि वळवात आपल्याकडं लाईटचं काय होतं ते तुला माहीत आहे.

रॅमची आठ जीबीची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी लाव. तेवढ्यानंही बऱ्याच गेममध्ये चांगला फरक पडतो.

कार्डच बदलायचं ठरलं तर आधी पॉवर सप्लाय बघ. जीटीएक्स १०५० टीआय कार्ड ७५ वॅटमध्ये भागवतं, तर आरएक्स ६६०० कार्डाला १३२ वॅट आणि आठ पिनची वेगळी वायर लागते. कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा सप्लाय असेल तर पहिला खर्च तिथंच कर. आकडे बघून मला सांग, मग बजेट ठरवू.