रोज मेकअप करूनही चेहरा सपाट दिसतो, त्याला उठाव कसा आणायचा?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसला जाताना फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, काजळ, लिपस्टिक सगळं लावता, तरी चेहरा पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो, फोटोत तर जास्तच. रंग गव्हाळ, चेहरा गोल, आणि सकाळी दहा मिनिटांच्या वर वेळ नाही.

तुमच्या वाक्यातला 'तरी' काढा आणि तिथे 'म्हणून' घाला. फाउंडेशनचं कामच मुळी सगळं एका रंगाचं करणं. आपला चेहरा मात्र कुठेच एका रंगाचा नसतो. गालफडाखाली सावली असते, कपाळाच्या कडा जरा गडद असतात, गालावर किंचित लाली असते. ते सगळं आपण सकाळी पाच मिनिटांत झाकून टाकतो, वरून कॉम्पॅक्ट फिरवून नैसर्गिक चमकही घालवतो, आणि मग आरशात बघून म्हणतो, अगं बाई, हे काय झालं!

मला हे कळलं ते नाटकाच्या रंगपटात. आमच्या हौशी संस्थेची नाटकं राज्य नाट्य स्पर्धेला असायची तेव्हा मी रंगभूषेला मदतनीस होते. म्हणजे स्पंज धू, टिकल्या शोध, घाम टिप. आमचे रंगभूषाकार काका नटाला पॅनकेकचा, म्हणजे रंगमंचावरच्या जाड फाउंडेशनचा, हात दिला की त्याला आरशात बघायला लावून विचारायचे, "ओळखता का यांना?" मग ब्राउन घेऊन गालाखाली, कानशिलावर, नाकाच्या दोन्ही अंगांना शेडिंग करत तोच माणूस परत आणायचे. रंगमंचावर समोरून येणारा प्रकाश सावल्या खाऊन टाकतो आणि चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा असतो, म्हणून तिथे ते जाड हातानं करतात. तुमच्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण दोन हातांवर बसते. तिच्यासाठी त्याचा दहावा हिस्सा पुरे.

तेव्हा पहिलं काम, थर कमी करा. फाउंडेशन चेहराभर नको. नाकाच्या आजूबाजूला, हनुवटीवर, जिथे डाग असेल तिथे बोटानं थापटून लावा आणि कडांकडे नुसतं ओढून विरवा. कॉम्पॅक्टही फक्त कपाळाच्या मध्यावर, नाकाच्या बाजूंना आणि हनुवटीवर. गालाचं हाड मोकळं सोडा, तिथे थोडी चमक राहू दे. एवढ्यानंच अर्धा प्रश्न सुटतो, आणि पैसेही वाचतात.

आता सावली. इथे बहुतेक जणी जी चूक करतात ती मीही केली. ब्रॉन्झर आणि कॉन्टूर (म्हणजे सावली दाखवणारा रंग) एकच, असं समजून मी एक छान तांबूस ब्रॉन्झर घेतला आणि गालाखाली रेघ ओढून लोकल पकडली. मुलुंड गेल्यावर समोरच्या काकूंनी पर्समधून रुमाल काढला, स्वतःच्या गालाला बोट लावून दाखवलं आणि हळूच म्हणाल्या, "इथे काहीतरी सांडलंय गं, हळदीचं वगैरे." घाटकोपरपर्यंत मी गाल पुसत होते. सावली कधी केशरी नसते, एवढीच त्यातली गोम. उजेड कमी पडला की त्वचा मळकट तपकिरी दिसते, लालसर होत नाही. उन्हात रापल्यासारखं दिसायला ब्रॉन्झर. खोलगटपणा दाखवायला आपल्यापेक्षा दोन शेड गडद, मॅट (चमक नसलेला) आणि न तांबूस न राखाडी असा तपकिरी. गव्हाळ रंगावर राखाडी कॉन्टूर मार लागल्यासारखा दिसतो, तोही टाळा. वेगळी वस्तू घ्यायचीही गरज नाही. तुमच्याच कॉम्पॅक्टची दोन शेड गडद डबी चालते.

कुठे लावायचं? गाल आत ओढून खळगा शोधायची जी युक्ती सगळीकडे दाखवतात, ती गोल चेहऱ्याला फसवते. खळगा खाली असतो, तिथे सावली पडली की गाल ओघळल्यासारखे वाटतात. त्याऐवजी कानाच्या वरच्या टोकापासून गालाच्या हाडाखालून बोट फिरवा. हाड संपतं ती कड हाताला लागेल. रंग त्या कडेवर लावायचा, कानाकडून सुरू करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ रेषेत खाली आलं की थांबायचं. त्यापुढे तोंडाकडे एक इंचही नाही. ब्रश वरच्या दिशेनं फिरवून विरवा. उरलेला ब्रश जबड्याच्या कडेवरून आणि केसांच्या रेषेवरून एकदा फिरवला की झालं. (ज्यांचे गाल मुळातच बसलेले आहेत त्यांनी हे सगळं सोडून नुसतं ब्लश लावावं. रंग खूप सावळा असेल तर गडद सावली फारशी दिसत नाही. तिथे सोनेरी किंवा तांब्याच्या छटेचं हायलायटर (उंच भागांवर चमक आणणारी पावडर किंवा क्रीम) खरं काम करतं. चंदेरी नको, ते राखेसारखं दिसतं.)

ब्लश हसून गालाच्या गोळ्यावर लावतात. हसणं संपलं की तो गोळा खाली येतो आणि लालीही खाली येते. चेहरा सरळ ठेवून, गोळ्याच्या जरा वर, कानशिलाकडे खेचत लावा. क्रीमचं ब्लश असेल तर पावडरच्या आधी; पावडरवर क्रीम चोळलं की थर फाटून ढलपे दिसतात.

खरं सांगू, दहाच मिनिटं असतील आणि मला गाल किंवा भुवया यांतलं एकच काही करायला सांगितलं, तर मी डोळे मिटून भुवया निवडेन. चेहरा रेखीव दिसतो तो कडांमुळे. भुवई, पापण्यांची मुळं, ओठांची कड. या तीन रेघा जागेवर असल्या तर कॉन्टूर केला नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही. भुवयांना काळी पेन्सिल नको, केस काळेभोर असले तरी गडद तपकिरीच घ्या. आधी भुवईची खालची कड शेपटीकडे नीट करा, मग मधल्या विरळ जागी केसाएवढ्या बारीक रेघा. नाकाकडची सुरुवात कोरी ठेवा, तिथे चौकोन झाला की माणूस कायम रागावलेला दिसतो. शेवटी जुन्या मस्काऱ्याचा धुतलेला ब्रश फिरवायचा.

काजळ तुम्ही खालच्या-वरच्या दोन्ही कडांना आतून भरता का? डोळे लहान आणि चेहरा मोठा दिसायचं ते एक कारण. खाली फक्त बाहेरचा एक तृतीयांश भाग ठेवा, बाकी जोर वरच्या पापण्यांच्या मुळाशी. त्यावर तपकिरी मॅट आयशॅडो दाबली की दमट हवेत काजळ दुपारपर्यंत गालावर उतरत नाही. तीच आयशॅडो पापणीच्या घडीच्या किंचित वर, डोळे उघडे ठेवून, समोर बघत लावायची. डोळे मिटून घडीत लावलेला रंग डोळे उघडले की घडीतच गडप होतो. ओठांना लिपस्टिकपेक्षा जरा गडद पेन्सिल फक्त कोपऱ्यांत आणि खालच्या ओठाच्या मधोमध खाली लावली, की ओठ भरल्यासारखे दिसतात.

हे सगळं खिडकीकडे तोंड करून करा. ट्यूबलाइट डोक्यावर असला की डोळ्यांखाली खोट्या सावल्या पडतात आणि आपण त्या झाकायला आणखी थर चढवतो.

राहता राहिले फोटो. फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येत असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाली सनस्क्रीन किंवा सिलिका असलेली पांढरी पावडर कारण असू शकते, दोन्ही प्रकाश परत फेकतात. सनस्क्रीन सोडू नका, फ्लॅश बंद करा. आणि सेल्फी बघून नाकावर रेघा मारणार असाल तर आधी हे वाचा: 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडून दाखवलं की 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं. तुमचं नाक बहुधा ठीक आहे, हात आखूड आहे इतकंच. फोटो दुसऱ्याला जरा लांबून काढायला सांगा.

मला हे सगळं मिळून सात मिनिटं लागतात, सुरुवातीला वीस लागायची. गालाची ती सावली मात्र आधी दोन-तीन रविवारी घरीच करून, गच्चीवर उन्हात जाऊन आरशात बघा. सोमवारी पहिल्यांदाच करून लोकल पकडू नका, मुलुंडपर्यंत कुणी काही बोलत नाही.