खजरान्यातलं उलटं स्वस्तिक

मी समुपदेशक आहे. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्या बायका मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "देवावर पूर्ण भार टाकलाय, मग माणसांपुढे हात कशाला पसरायचे? मागितलं म्हणजे श्रद्धा कमी पडली, असंच ना?"

एका काकूंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

काकू इथल्याच, इंदूरच्या. पन्नाशी उलटलेली. काकांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. त्याच आठवड्यात काकू खजरान्याच्या गणपतीला जाऊन देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून आल्या. इथली रीत आहे ती. नवस बोलताना उलटं काढायचं, फळला की येऊन सुलटं करायचं. चौदा महिने झाले, स्वस्तिक उलटंच होतं. तोवर काकांना दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, भरवणं, अंग पुसणं, रात्रीचं उठणं, सगळं एकटीच्या अंगावर. कंबर गेलेली. शेजारची वहिनी डबा घेऊन आली तर दारातूनच "झालंय आमचं." देवासची बहीण राहायला येते म्हणाली, तिलाही नको. माझ्याकडे त्या लेकीच्या हट्टापायी आल्या.

पहिल्या भेटीत मी चुकले. थकवा, विश्रांती, मदत घ्यायला हवी, असं सगळं ऐकवलं. काकू पर्स उचलत म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे ताई. पण माझं वर बोलणं झालेलं आहे." पुढचे तीन आठवडे फिरकल्या नाहीत.

परत आल्या तेव्हा मी शहाणपण बाजूला ठेवलं आणि फक्त विचारलं, "कुणाकडे काही मागायचं नाही, हे कधी ठरलं?" मला वाटलं होतं, स्वस्तिक काढलं त्या दिवशी. तसं नव्हतं. दवाखान्याच्या बिलासाठी त्यांनी दिराकडून चाळीस हजार घेतले होते. पुढे एका लग्नाच्या पंगतीत दीर चारचौघांत बोलून गेले, "दादा वाचला तो माझ्या पैशावर." काकू तशाच ताटावरून उठल्या. घरी येऊन देवापुढे बसल्या, आता मागेन तर तुझ्याचपाशी.

त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. ती खरीच होती. पण तिच्या आडोशाला तो अपमान जाऊन बसला होता, आणि डबा नाकारायचा तो अपमान. मी विचारलं, "वहिनी डबा घेऊन येते तेव्हा आत काय होतं? शांत वाटतं की राग येतो?" बराच वेळ गेला. "राग," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या.

त्याच दिवशी बोलता बोलता म्हणून गेल्या, "रात्री म्हणते त्याला, दोघांना एकदमच उचल." असं वाक्य ओलांडून पुढे जायचं नसतं. मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? नाही म्हणाल्या, फक्त झोप हवी आहे. तरी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही उचलतात, मराठीतून बोलता येतं. डॉक्टरांकडेही पाठवलं.

दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं लोकांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांचा विषय त्यांनीच काढला. माहेरी कीर्तनाची परंपरा. "माणसं सोडून गेली तरी विठू महार होऊन तो आलाच ना बिदरला? धान्याचे पैसे भरलेच ना?" समुपदेशकाने कीर्तनकाराशी वाद घालू नये हे मला ठाऊक आहे, पण राहवलं नाही. म्हटलं, "काकू, तो आला दामाजींसाठी. पण दुष्काळात उपाशी लोक कुणाच्या दारी गेले होते? मंगळवेढ्यात दामाजींच्याच ना? त्यांची भक्ती कमी होती असं कुठल्या कीर्तनात ऐकलंय?"

त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला सांगितलं, की वहिनीला मंगळवारी-शुक्रवारी तासभर बसशील का म्हणून विचारलं. फिजिओथेरपिस्टकडून चादरीने सरकवायची युक्ती शिकल्या, कंबरेवर भार येत नाही. भावजयीलाही विचारलं होतं. ती नाही म्हणाली.

मी जरा धास्तावले. पुन्हा तोच घाव?

"म्हणाली तर म्हणाली," काकू सहज म्हणाल्या. "माझी भिस्त तिच्यावर कुठे होती?"

अशाच प्रश्नाने कुणी आलं की मला हे वाक्य आठवतं. माझ्या मते पूर्ण विश्वासाचा उपयोग इथे आहे. भिस्त वर असली की खाली मागायला लाज वाटत नाही आणि नकार आला तरी माणूस मोडत नाही. आधी काकूंची भिस्त देवावर आहे असं त्या म्हणायच्या, पण डोक्यात चोवीस तास दीर.

काका आता काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातात. हात अजून उचलत नाही. पक्षाघातात बरीचशी सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते, पुढे ती सावकाश चालते, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

मागच्या बुधवारी शेजारच्या मुलाला काकांजवळ बसवून त्या खजरान्याला गेल्या.

"सुलटं केलंत?" मी विचारलं.

"छे! त्या गर्दीत आपलं कुठलं तेच कळेना. हात जोडले आणि निघाले. पोराला साडेपाचला क्लास असतो."