इटलीत डोंगर, सुळके आणि मध्ययुगीन गावं एकाच ठिकाणी कुठे बघता येतील?

दक्षिणेत बाझिलिकाता प्रांतात, लुकानियन डोलोमाइट्स या डोंगररांगेत. नावाने फसू नका, उत्तरेतले प्रसिद्ध डोलोमाइट्स वेगळे. इथले सुळके वालुकाश्माचे. कास्तेलमेझानो आणि पिएत्रापेर्तोसा ही गावं समोरासमोरच्या कड्यांना चिकटलेली, कित्येक घरांची मागची भिंत म्हणजे कातळच! मधली दरी लोक तारेला लटकून पार करतात. पैसे आणि धीर असेल तर करा, पण मी म्हणेन चालत जा. 'सात दगडांची वाट' जेमतेम २ किलोमीटर, आधी ओढ्यापर्यंत उतार, मग दम काढणारा चढ. कास्तेलमेझानोत कातळात खोदलेल्या नॉर्मन (मध्ययुगात उत्तर फ्रान्समधून आलेले राज्यकर्ते) काळातल्या अरुंद पायऱ्या आहेत, पावसात त्यांच्या नादी लागू नका. पिएत्रापेर्तोसात किल्ल्याखालची अराबाता ही जुनी वस्ती चुकवू नका. बस तुरळक, गाडी भाड्याने घेतलेली बरी.