ईएलसीबी पडतोय? आधी फ्रिजचा हीटर बघ

ईएलसीबी (वीज बॉडीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून पडतो म्हणून लगेच घराचं वायरिंग उकरू नकोस. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा डीफ्रॉस्ट हीटर (बर्फ वितळवणारा) काही तासांनी एकदाच लागतो, म्हणून दोष लपून राहतो. प्लग काढ, फ्रीझरच्या आतलं मागचं पॅनेल उघड, हीटरची दोन्ही टोकं सोडव. १५० वॅटचा हीटर साधारण ३५० ओहम दाखवेल. तेवढ्यावर त्याला निर्दोष ठरवू नकोस! बॉडीकडे होणारी गळती मल्टीमीटरला बहुधा दिसत नाही. ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) हीटरचं टोक आणि बॉडी यांच्यात लाव. एक मेगाओहमच्या खाली आलं तर सरळ बदल. बायमेटल (हीटरच्या सर्किटमधला तापमानावर चालणारा स्विच) गरम असताना उघडाच, म्हणजे सर्किट तोडलेलाच असतो, त्याला उगाच फेकू नकोस. आणि गोव्यात, विशेषतः किनाऱ्याकडे, खाऱ्या हवेने हिरवे पडलेले कनेक्टर आधी पुसून बघ.